झाडीपट्टीतील सायकलप्रवास

प्रदेश पाहण्याच्या रीती अनेक आहेत. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी शेते आणि गावे क्षणात डोळ्यांपुढून सरकून जातात. मोटारीतून जाणारास रस्ता दिसतो. परंतु रस्त्याच्या कडेचे जग त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. पायी चालणारास सारे काही दिसते. पण दिवसाकाठी त्याची मजल फार लांब जात नाही. या सर्वांच्या मधोमध उभे असलेले वाहन म्हणजे सायकल. ताशी १०-१२ किलोमीटर वेगाने चालणारा सायकलस्वार दिवसभरात ४०-५० किलोमीटर सहज ओलांडतो. तरीही वाटेवरचे झाड, झाडावरचे पाखरू आणि झाडाखालचा माणूस यांपैकी काहीच त्याच्या नजरेतून निसटत नाही. त्याला तिकीट नको, पेट्रोल नको. मन होईल तेथे उतरावे, सायकल झाडाला टेकवावी आणि चार घटका निवांत पाहत बसावे.

हे साधेसुधे वाहन मनुष्याच्या हाती एकाएकी आलेले नाही. १८१७ साली जर्मनीतील कार्ल ड्राइस याने दोन चाकांची एक लाकडी गाडी तयार केली. तिला पॅडल नव्हते. स्वाराने पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जावयाचे. पुढे १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने सारख्या आकाराची दोन चाके व साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल बनविली. आजची आपली सायकल तिचीच वंशज होय. १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेल्या टायरची युक्ती शोधून काढली आणि खडबडीत रस्त्यावरचे हादरे कमी झाले. या वाहनावर विश्वास ठेवून १९२३ साली मुंबईचे काही तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या तिघांनी १९२८ साली आपली प्रदक्षिणा पुरी केली. वाळवंटे, डोंगर व अरण्ये ओलांडून त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास केला.

जग पाहण्यासाठी मात्र प्रत्येकाने पृथ्वीप्रदक्षिणा केलीच पाहिजे असे नाही. आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व भागात भंडारा नावाचा एक जिल्हा आहे. त्याच्या शांत रस्त्यांवरून सायकलने फिरणारास अरण्य, तलाव, किल्ले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष थोड्या दिवसांत पाहावयास मिळतात.

नागपूरपासून पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरांवर वैनगंगेच्या काठी भंडारा हे शहर वसले आहे. हे स्थान फार जुने आहे. रतनपूर येथे सापडलेल्या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या एका कोरीव लेखात ‘भाणारा’ असा त्याचा उल्लेख येतो. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथातही भंडाऱ्याचे नाव आहे. चक्रधरस्वामींचे निष्ठावंत शिष्य भांडारेकार हे याच गावचे. पितळी भांड्यांबद्दल या शहराची दूरवर ख्याती होती. स्टीलची भांडी घरोघर आल्यापासून त्या धंद्याचा पसारा पुष्कळ कमी झाला.

या भागास पूर्वीपासून ‘झाडी’ किंवा ‘झाडीपट्टी’ असे म्हणतात. दाट झाडीचा मुलूख म्हणून हे नाव पडले, हे सांगावयास नकोच. येथील लोकांची बोली तीच झाडीबोली. तिच्यात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात आणि ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. वाटेत एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने “कुठं चालले, बाबू?” असे विचारून आपल्या बोलीत रस्ता सांगितला, तर शहरातील मुलाने त्यास हसू नये. ते मराठीचे एक जुने व सुंदर रूप आहे, ते अशुद्ध नव्हे.

आता सायकलीची हवा तपासू, साखळीला तेल देऊ आणि पहिल्या दिवशी उत्तरेची वाट धरू.

भंडाऱ्याहून निघाले की थोड्याच वेळात वरठी लागते. भंडारा रोड नावाचे रेल्वे स्थानक येथेच आहे. पुढे दोन्ही बाजूंस धानाची शेते पसरलेली दिसतात. या जिल्ह्याचे मुख्य पीक धान हेच होय. येथील चिन्नोर जातीच्या सुवासिक तांदळास तर भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला आहे. पुढचे मोठे गाव मोहाडी. येथे चौंडेश्वरी देवीचे मंदिर आहे. मोहाडी आणि जवळचे आंधळगाव ही दोन्ही गावे कोशाच्या वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहेत. कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याचे किडे रानातील ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढतात. ढिवर समाजाचे लोक रानात या किड्यांची राखण करतात. पाखरांनी व मुंग्यांनी ते खाऊ नयेत म्हणून दिवस दिवस पहारा देतात. पुढे त्या कोशांचा धागा निघतो आणि कोष्टी आपल्या हातमागावर त्याचे कापड विणतात. ज्या लुगड्याच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, त्यास ‘करवतकाठी’ म्हणतात. एका वस्त्रामागे एक अरण्य, एक राखणदार आणि एक विणकर उभा असतो, ही गोष्ट दुकानातील कपाटाकडे पाहून कळत नाही. ती या रस्त्यावर कळते.

तुमसर मागे टाकल्यावर सातपुड्याच्या टेकड्या दिसू लागतात. या तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या मोठ्या खाणी आहेत. पोलाद तयार करण्यास मँगनीज लागते. म्हणजे आपण बसलो आहोत त्या सायकलीच्या पोलादी सांगाड्याशीही या मातीचे नाते असू शकते. टेकड्यांच्या कुशीत गायमुख हे झऱ्याचे ठिकाण आहे. तेथे महाशिवरात्रीस यात्रा भरते. तेथून जवळच अंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने सन १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. सायकल पायथ्याशी ठेवूनच वर चढावे लागते. बुरुजावर उभे राहिले म्हणजे खाली पसरलेले रान आणि त्यापलीकडचे धानाचे हिरवे चौकोन एका दृष्टिक्षेपात दिसतात. किल्ला कोठे आणि का बांधावा, याचे उत्तर अशा वेळी कोणी न सांगताच उमगते.

दुसऱ्या दिवशी पूर्वेची वाट. भंडाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरांवर कोका नावाचे गाव आहे. त्याच्या भोवतीच्या अरण्यास २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी भंडारा व गोंदिया या दोन जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही जाहीर झाला. कोक्याचे अरण्य नागझिऱ्यास लागून आहे. हाच तो नागझिरा, ज्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी एक संपूर्ण पुस्तक लिहिले आणि जेथील वृक्षपक्ष्यांची ओळख मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकांना करून दिली.

या रस्त्याने जाताना साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि मोह हे वृक्ष ओळखण्याचा सराव करावा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. एकदा पाहिली की विसरत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागतात आणि पहाटेच गावातील बायामुले टोपल्या घेऊन ती वेचावयास निघतात. तीच फुले खाण्यास अस्वलही येते. त्यामुळे त्या दिवसांत माणूस व अस्वल यांची गाठ पडण्याचे भय असते. उन्हाळा चढला की तेंदूच्या पानांची तोडणी सुरू होते. रानाच्या कडेला राहणाऱ्या अनेक कुटुंबांस वर्षातील रोख पैसा या दोन झाडांपासून मिळतो.

अरण्यातून जाताना सायकलीचा खरा गुण कळतो. तिला आवाज नाही. म्हणूनच नवरंगाची शीळ, मोराची केका, वाळक्या पानांवरची कोल्ह्याची चाहूल हे सर्व ऐकू येते. वेगाने धावणाऱ्या मोटारीखाली सापडून किती तरी मुके प्राणी प्राणास मुकतात. रात्रीच्या दिव्यांनी हरणांचे डोळे दिपतात व ती जागच्या जागी थिजून उभी राहतात. सायकल मात्र रानातून पाहुण्यासारखी जाते. परंतु पाहुण्यानेही घरच्यांचे नियम पाळावयाचे असतात. या रानात वाघ, बिबळ्या, अस्वल व रानकुत्री आहेत. म्हणून अभयारण्याच्या आतील वाटेवर वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. बाहेरच्या रस्त्यावरूनही मोठ्या माणसांच्या सोबतीने व उजेडीच प्रवास करावा. सूर्यास्तानंतर रान हे रानातल्या रहिवाशांचे असते.

रान संपले की तलाव सुरू होतात. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १९९९ साली त्याचे विभाजन होऊन गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला, तरी हे नाव दोघांनाही शोभते. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळात या भागात कोहळी समाजाचे लोक पाण्याच्या कामात निष्णात होते. जमिनीचा उतार पाहून ते आडवी मातीची पाळ घालीत. वरच्या तलावाचे जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात जाई, त्याचे आणखी खालच्या बोडीत, आणि वाटेत धानाच्या बांध्या भिजत. मोठे यंत्र नाही की लेखी नकाशा नाही. नुसत्या नजरेने आणि अनुभवाने केलेली ही रचना शेकडो वर्षे टिकली. जो तलाव बांधील त्यास त्याखालची जमीन कसावयास मिळे. त्यामुळे बांधणाऱ्यासही उत्साह वाटे.

पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. आज लोक त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. नवखा मनुष्य हे नाव ऐकून हा कोणाच्या मामाचा तलाव, असा प्रश्न करतो. पण ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून हा ‘मामा’ जन्मास आला आहे! १९५१ साली मालगुजारी पद्धत संपुष्टात आली. कुळांवरचा जुना बोजा गेला, ही न्यायाचीच गोष्ट झाली. परंतु तलावाची पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, सांडवा मोकळा ठेवणे ही कामे ज्याच्या हुकुमाने होत असत तो गेला, आणि गावाने ती आपली म्हणून उचलली नाहीत. तलाव सरकारचे झाले. सरकारचे म्हणजे कोणाचेच नव्हे, अशी समजूत पसरली. पुष्कळ तलावांत गाळ साचला. काहींत बेशरमीची झुडपे माजली. जेथे पूर्वी पुरुषभर पाणी असे, तेथे गुडघाभर राहू लागले. त्याचा फटका धानाला बसला, तसाच मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवरांनाही बसला.

एखाद्या तलावाच्या पाळीवर सायकल उभी करून हे सर्व डोळ्यांनी पाहता येते. एकीकडे स्वच्छ पाणी, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, हिवाळ्यात उतरलेले बदकांचे थवे. तर पुढच्याच गावी उथळ, झुडपांनी गुदमरलेले डबके. दोन्ही तलाव सारखेच जुने. फरक एवढाच की, एका गावाने गाळ काढला व दुसऱ्याने काढला नाही. गाळ म्हणजे कचरा नव्हे. शेतात पसरला तर तो उत्तम खत होतो. या जाणिवेतूनच २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्रात सुरू झाली. मात्र कोणतीही योजना गावाच्या हातांवाचून पुरी होत नाही.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे पवनीस जावयाचे. हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे, म्हणून पहाटेच निघावे. वाटेत अड्याळ हे गाव लागते. तेथील मारुतीच्या देवळाजवळ थोडी विश्रांती घ्यावी, शिदोरी सोडावी आणि पुन्हा पॅडल मारावे. दुपारच्या आत पवनीची जुनी तटबंदी दिसू लागते. तीन बाजूंना मातीचा उंच तट व खंदक आणि चौथ्या बाजूस वैनगंगा, अशी या नगराची रचना आहे. नदीवर दगडी घाट आहेत आणि वैजेश्वराचे मंदिर आहे. गावात इतकी देवळे आहेत की, एक पाहून होते न होते तोच दुसऱ्याचा कळस दिसू लागतो.

पवनीचे महत्त्व मात्र या देवळांहूनही जुने आहे. गावाबाहेर जगन्नाथ टेकडी व हरदोलाला टेकडी या नावाच्या टेकड्या आहेत. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांकडे साध्या टेकड्या म्हणूनच पाहत असत. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. या कामात डॉ. शां. भा. देव व ज. प. जोशी हे विद्वान होते. मातीखालून बौद्ध स्तूप प्रकट झाले! ते इसवी सनापूर्वीच्या काळातील होते. दगडी कठड्याचे खांब मिळाले. त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे कोरलेली होती. एका शिल्पात अनेक फणांचा मुचलिंद नाग कोरलेला आढळला. ज्ञानप्राप्तीनंतर भगवान बुद्ध ध्यानस्थ बसले असता वादळ आले, तेव्हा या नागराजाने त्यांच्यावर फणा धरली, अशी कथा आहे. ज्यांनी ते दान दिले त्यांचे राजवाडे उरले नाहीत, नाणीही मातीत गेली. परंतु दगडावरचे नाव दोन हजार वर्षांनी कोणीतरी वाचले.

म्हणूनच अशा ठिकाणी सापडलेले खापराचे तुकडेही खिशात घालू नयेत व दगडांवर आपली नावे कोरू नयेत. जुना तुकडा जागच्या जागी असतो तोवरच तो बोलतो. तेथून हलविला की मुका होतो.

पवनीजवळच वैनगंगेवर गोसेखुर्दचे मोठे धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ साली बसविण्यात आली. त्यास ३३ दरवाजे आहेत. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणावी, हा त्याचा उद्देश. धरणाचे अफाट पाणी पाहून छाती अभिमानाने भरून येते. परंतु त्या पाण्याखाली अनेक गावांची घरे, विहिरी, पार आणि देवळे गेली आहेत. तेथील लोकांना दुसरीकडे नव्याने संसार मांडावे लागले. धरणाचे पाणी ज्याच्या शेतात पोचेल, त्याने या लोकांचे स्मरण ठेविले पाहिजे; आणि ज्यांची गावे गेली त्यांना त्यांचे न्याय्य दान वेळेवर मिळाले पाहिजे. एका बाजूस जुन्या कोहळ्यांची लहान पाळ आणि दुसऱ्या बाजूस हे प्रचंड धरण! पाणी अडविण्याच्या या दोन रीतींचा विचार करीतच सायकल परतीच्या वाटेस लावावी.

अशा प्रवासाची तयारी थोडीच असते, पण ती चोख हवी. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. कारण विदर्भातील वैशाखाचे ऊन सोसवत नाही. ब्रेक, घंटी व दिवा नीट असावेत. पंक्चर काढण्याचे साहित्य, हवेचा पंप, पाण्याची बाटली, थोडा गूळ व शेंगदाणे जवळ असावेत. डोक्यावर शिरस्त्राण घालावे, रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागून एक जावे. राष्ट्रीय महामार्गावर मालमोटारींची वर्दळ असते. तो शक्यतो टाळून गावांना जोडणारे रस्ते निवडावेत. जवळ एक लहान वही ठेवावी. पाहिलेल्या झाडाचे, पाखराचे, तलावाचे आणि ऐकलेल्या नव्या शब्दाचे नाव तीत त्याच दिवशी टिपावे.

भंडारा जिल्ह्यातील कितीएक मुले-मुली रोज सायकलनेच शाळेत जातात. गावात वरचे वर्ग नसले, तरी ज्या मुलीजवळ सायकल आहे तिचे शिक्षण सहसा थांबत नाही. तिला हा प्रवास मौजेचा नसून गरजेचा आहे. परंतु तिच्या वाटेवरही एक मामा तलाव असतो, एखादा जुना बुरूज असतो, मोहाचे झाड असते. तिने रोज जाता-येता तलावाचे पाणी किती उतरले हे पाहिले, गावात त्याविषयी विचारले, तर त्या तलावाला एक राखणदार मिळाला असे म्हणावयास हरकत नाही. कोशाच्या किड्यांवर पहारा देणारा ढिवर जसा वस्त्राचा पहिला कारागीर, तसा आपल्या मुलखाकडे लक्षपूर्वक पाहणारा विद्यार्थी हा त्याच्या रक्षणाचा पहिला कार्यकर्ता होय.

स्वाध्याय

१. आगगाडी, मोटार, पायी चालणे आणि सायकल यांतून प्रदेश पाहण्यात कोणता फरक आहे, असे लेखक म्हणतो?

२. ‘मामा तलाव’ हे नाव कसे पडले? मालगुजारी गेल्यावर या तलावांची स्थिती का बिघडली?

३. “एका वस्त्रामागे एक अरण्य, एक राखणदार आणि एक विणकर उभा असतो.” हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पवनीच्या टेकड्यांत काय सापडले? जुने अवशेष जागच्या जागी का राहू द्यावेत?

५. कोहळ्यांचे तलाव आणि गोसेखुर्दचे धरण यांची तुलना दहा ओळींत करा.

६. आपल्या गावाजवळील एखादा तलाव, ओढा किंवा विहीर पाहून या. ती कोणी बांधली व तिची निगा आज कोण राखतो, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.